वाटीतला दाणा आणि सातबाऱ्यावरची पाखरं

पाखरांना दाणे टाकल्याने पाखरं वाचत नाहीत. हे वाक्य आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटांत मला ‘निगेटिव्ह’ ठरवतील, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मार्च उजाडला की सगळीकडे एकाच छापाचे फोटो फिरायला लागतात. उलटी टांगलेली प्लास्टिकची बाटली, तिच्यात आडवे खुपसलेले दोन लाकडी चमचे, चमच्यांत बाजरी. पुठ्ठ्याचं घरटं, त्यावर वाटणाऱ्या नगरसेवकाचा फोटो. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस. ही कल्पना मूळ आपल्या नाशिकची. मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ने २०१० साली हा दिवस सुरू केला आणि तो जगभर गेला. पुढे नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. लोक मान वर करून बघायला लागले, हे काही थोडं नाही. तक्रार त्यापुढची आहे. या सगळ्यातून एक समजूत घट्ट बसली आहे की पाखरांचा प्रश्न हा भुकेचा आणि दयेचा प्रश्न आहे, आणि तो वाटीभर बाजरीने सुटतो. ही समजूत चुकीची आहे. त्याहून वाईट म्हणजे ती सोयीची आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पोटापाण्यासाठी इतरांच्या डेटातल्या चुका शोधतो. गाव हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्या पोटात मेळघाट, आणि दक्षिणेला नजर पोचेल तिथवर काळी जमीन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी दुर्बीण घेतली तेव्हापासून सुट्टीत गावी गेलो की पाखरं बघत हिंडतो. त्यामुळे बाल्कनी आणि वावर अशा दोन्ही बाजू मला रोजच्या माहितीतल्या आहेत.

आधी बाल्कनी. वाटीवर येतं कोण? पारवे, साळुंक्या, कावळे, होले, चिमण्या, फार तर बुलबुल. यातलं संकटात कोण आहे? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ साली आला. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून जास्त नोंदींवर तो उभा आहे. दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती ज्या ३३८ जातींबद्दल होती, त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत. पारवा मात्र वाढतोय. मोर वाढतोय, कोकीळ वाढतोय. आणि जिच्यासाठी एवढा गजर चालतो ती चिमणी? २०२०च्या अहवालाने सांगितलं की मोठ्या महानगरांत ती कमी झाली आहे, पण देशपातळीवर पंचवीस वर्षांत तिची संख्या साधारण स्थिर आहे. मोबाइल टॉवरच्या लहरींनी चिमण्या संपल्या ही कथा तर सिनेमापर्यंत गेली. आमच्या हिवरखेडच्या बसस्टँडवर टॉवरच्या सावलीत चिमण्यांची शाळा भरते, ती बहुधा त्यांना सिनेमा न दाखवल्यामुळे.

मग घटतंय कोण? त्याच अहवालात याचं उत्तर आहे. मांसावर, किड्यांवर आणि दाण्यांवर जगणारे पक्षी घटतायत. फळं आणि मध खाणारे त्या मानाने टिकून आहेत. माळरानात, गवतात, उघड्या शेतात राहणारे घटतायत. हिवाळ्यात लांबून येणारे पाहुणे घटतायत. ‘दाण्यांवर जगणारे’ वाचून कोणी लगेच बाजरीची पिशवी उघडू नये. हे दाणेवाले म्हणजे मुनिया, चंडोल, लावे. ते वावरात आणि पडीत रानात जमिनीवर वेचतात. चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या ग्रिलवर चंडोल येणार नाही.

एकच पक्षी घेऊ. नीलपंख, ज्याला नीलकंठही म्हणतात. दसऱ्याला त्याचं दर्शन झालं तर वर्ष चांगलं जातं असं मानतात. तारेवर नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर बसायचं, खाली नाकतोडा हलला की झेप टाकायची, उडताना पंखांतली निळाई उघडायची. या पक्ष्याची संख्या दीर्घकाळात ३० टक्क्यांहून जास्त घसरल्यामुळे त्याची जागतिक धोक्याची श्रेणी पुन्हा तपासा, अशी शिफारस २०२३च्या अहवालाने केली. नीलपंखाला बाजरी कशी घालणार? त्याला नाकतोडे लागतात, भुंगेरे लागतात. ते कोणत्याही ऑनलाइन दुकानात ‘बर्ड फूड’ म्हणून मिळत नाहीत. ते रानात असावे लागतात.

चिमणीचंही तेच आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि मऊ किडेच लागतात. शंका असेल तर घरट्याकडे जाणाऱ्या चिमणीच्या चोचीत काय आहे ते बघा. सोसायटीत दर पंधरवड्याला धुरळणी, बागेत फवारणी, मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक, आणि वर टांगलेलं घरटं. आपण चिमणीला बिनभाड्याची खोली देतो आणि खालचं किराणा दुकान बंद करतो.

आता वावराकडे येतो. तुमच्या बाल्कनीत टांगलेल्या पाकिटात बाजरीबरोबर बहुधा ज्वारी असते. माझे आजोबा जी पिकवायचे तीच. त्यांच्या काळी आमच्याकडे कपाशीइतकाच ज्वारीचा बोलबाला होता. दाणा भरायला लागला की वावरात माळा उभा राहायचा आणि घरातलं एखादं पोरगं गोफण घेऊन पाखरं हाकलायला बसायचं. हाकलून हाकलून किती हाकलणार? कणसातला थोडा दाणा पाखरांचा, हे गृहीत असायचं. सोंगणीनंतर, खळ्यानंतर जे सांडायचं त्यावर हिवाळाभर थवे जगायचे. मग भाव पडला, सोंगणीला माणसं मिळेनात, राखणीची पोरं शाळेत गेली, रानडुकरं वाढली, रेशनवर गहू-तांदूळ आला. सोयाबीन आलं. सोयाबीनच्या शेंगांवर चिमण्या-मुनियांचा थवा उतरलेला मी आजवर पाहिलेला नाही. म्हणजे झालं असं, की पाखरांची ज्वारी आपण शेतातून काढली, पाकिटात भरली, आणि ‘निसर्गप्रेम’ असा शिक्का मारून महिन्याला विकत घ्यायला लागलो.

ज्वारी गेली तरी एक जागा उरली होती: धुरा. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी, धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यावर बोरी, बाभूळ, निंब, पळसाचं खोड, कुसळी गवत, आणि हिवर. आमच्या गावाच्या नावातच हे झाड आहे. पांढरट खोडाचा, काटेरी, बाभळीचा भाऊबंद. हिवराच्या काट्यात होला काड्यांचं घरटं करतो, शेंड्यावर खाटीक बसतो, बुडाशी तितर पिल्लं घेऊन दडतो. कापशी घार याच झाडांवरून उंदीर हेरते. पांढरीशुभ्र म्हणून ती ‘कापशी’, आणि कपाशीच्या मुलखात तिला बसायला झाड उरत नाही. धुरा कोणाच्या उत्पन्नात धरलेला नसतो, म्हणून तो पाखरांचा होता.

तो आता तीन तऱ्हांनी जातो. एक, जेसीबी लावून. मापात दोन तास वाढतात म्हणून धुरा कोरत नेतात. दोन्हीकडून कोरला की मध्ये उरते नुसती भांडणाची रेघ. दोन, तणनाशकाने. तीन, काडी लावून. उन्हाळ्यात, पेरणीआधी ‘साफ’ दिसावं म्हणून धुरे पेटवतात. हा महिना लक्षात घ्या. एप्रिल-मे म्हणजे टिटवीची, धाविकाची अंडी जमिनीवर असण्याचे दिवस. अकोल्याचा पारा ४५च्या वर गेलेला असतो आणि सगळ्या ग्रुपवर ‘पाखरांसाठी पाणी ठेवा’चे मेसेज फिरत असतात. पाणी ठेवावं, जरूर ठेवावं. रोज बदलावं, भांडं घासावं. पण परळातल्या पाण्याचा फोटो टाकणाऱ्याच्याच नावावरचा धुरा त्याच आठवड्यात जळत असतो, आणि त्याला ते माहीतही नसतं.

उरलं विष. कपाशीचं बियाणं पाकिटातूनच इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाने माखून येतं, पुढे मावा-तुडतुड्यांवर त्याच कुळातली औषधं फवारली जातात. नेदरलँड्समध्ये २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की ओढ्या-कालव्यांच्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड जिथे जास्त, तिथे किडे खाणारे पक्षी जास्त वेगाने घटले होते. युरोपीय संघाने २०१८ साली या कुळातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर थांबवला. मोनोक्रोटोफॉसची गोष्ट याहून उघड आहे. १९९५-९६च्या मोसमात अर्जेंटिनात नाकतोड्यांवर ते फवारलं गेलं आणि उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी तिथे आलेले स्वेनसन्स हॉक हे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. एकूण बळी वीस हजारांच्या घरात असावेत असा अंदाज निघाला. हेच औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं कपाशीवर पडत आलं. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होतं. नाकतोडा, नीलपंख आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस हे तिघं एकाच ढगात उभे आहेत. ज्यांना पाखरांची चिंता ही पोट भरलेल्यांची चैन वाटते, त्यांनी यवतमाळकडे बघावं.

इथे शेतकऱ्याला खलनायक करून लेख संपवणं सोपं आहे. मी ते करणार नाही. आमच्या मोठेबाबांना मी धुऱ्यावर तणनाशक मारू नका म्हणालो तेव्हा ते म्हणाले, “तुले पाखराइची पडली. निंदाले बाया भेटत नाई, भेटल्या तं परवडत नाई, त्याचं काय करू सांग.” त्यांचा प्रश्न खरा आहे. १० जून २०१९ रोजी आमच्या शेजारच्या अकोट तालुक्यात, अकोली जहाँगीरला, शेतकरी संघटनेने सरकारी मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. त्याच्या मुळाशी निंदणाचा खर्चच होता. कपाशी न मरता बाकी सगळं मरावं, ही मागणी ज्याला आठ एकर निंदायचे आहेत त्याच्या बाजूने उभं राहिलं की वेडेपणाची वाटत नाही. पाखरांच्या बाजूने उभं राहिलं की कळतं की ‘बाकी सगळं’ म्हणजे मुनियेचं बी, लाव्याचा आडोसा आणि नीलपंखाचे नाकतोडे. म्हणून शेतकऱ्याला ‘पर्यावरणाचं भान ठेवा’ असं पुण्यातून सांगणं हा उद्धटपणा आहे. भान ठेवायला पैसे लागतात. इंग्लंडमध्ये शेताची कड न फवारता सोडली, हिवाळ्यात पाखरांसाठी दाण्याचं पीक उभं ठेवलं, तर शेतकऱ्याला सरकारी योजनेतून मोबदला मिळतो. आपल्याकडे शेतकऱ्याला काय मिळतं? पक्षी सप्ताहात शाळेच्या फेरीतली घोषणा.

आम्ही दुर्बीणवाले तरी कुठे वेगळे आहोत? हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी नागपूर-पुण्याच्या गाड्या आमच्या भागातून मेळघाटाकडे जातात, रानपिंगळा बघायला. या घुबडाबद्दल मला आदर आहे. शास्त्राच्या लेखी तो शतकभर हरवला होता, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मेळघाट हे त्याचं मोठं घर आहे. पण त्या गाड्या पायथ्याला पोचेपर्यंत तासभर कपाशी-तुरीतून जातात, आणि काच कोणी खाली करत नाही. फोटोसाठी जंगल, यादीसाठी धरण. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपण जिथे दिवा आहे तिथेच मोजतो. अभयारण्यांच्या, तलावांच्या नोंदींचा ढीग, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या अधिवासाच्या, म्हणजे शेताच्या, तुरळक नोंदी. ज्या वावरातून पाखरू नाहीसं होतंय तिथे आपण मुळात मोजायलाच गेलो नाही, तर ते गेल्याचं कळणार कसं?

असं नाही की आपल्या मुलखात वेगळं काही झालेलंच नाही. अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर पावसाळ्यात उंच उड्या मारून मादीला बोलावतो. त्याला वाचवण्यासाठी ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेतलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून हिणवलं, त्यांच्याकडेच त्या पक्ष्याची आणि गवताची सर्वांत बारीक माहिती होती. तिथे कोणी तणमोराला दाणे टाकले नाहीत. गवत राखायचा विचार झाला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दाणे टाकण्याने अपायच होतो, असं माझं म्हणणं नाही. पण तो होत नाही असंही समजू नका. ब्रिटनमध्ये घरोघरी पाखरांना खायला घालतात. तिथे २००५पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग ग्रीनफिंच या पक्ष्यांत पसरला. एकाच ताटात खूप चोची येतात अशा जागांनी त्याला मदत केली, आणि अंगणाअंगणात दिसणारा तो पक्षी २०२१ साली लाल यादीत गेला. आपल्याकडे २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांवरून रण पेटलं. महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री जमावाने ओढून काढली. एक बाजू फुप्फुसांबद्दल बोलत होती, दुसरी धर्माबद्दल. ज्या पक्ष्याची संख्या आधीच वाढते आहे त्याला पोत्याने धान्य घालणं ही भूतदया कशी, हे फारसं कोणी विचारलं नाही. दाणा टाकणाऱ्याला पुण्य लगेच मिळतं. पाखरू समोर येतं, खातं, मान वाकडी करून बघतं. न पेटवलेल्या धुऱ्याचं पुण्य असं समोर येऊन बसत नाही. म्हणून आपण पहिलं निवडतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं: मुलांना गोडी लागते ना? लागते. पण ती गोडी कुठे घेऊन जाते, हे बघायला नको? वाटीवर येणारी पाखरं बघून मूल शिकतं की पाखरं आपल्यावर अवलंबून आहेत. तेच मूल पंधरा मिनिटं एखाद्या धुऱ्यापाशी गप्प बसवलं, कोतवाल काय पकडतो, सातभाई पाचोळ्यात काय उलटतात हे बघायला लावलं, तर ते शिकतं की पाखरांना आपली नाही, पाचोळ्याची गरज आहे. दुसरा धडा खरा आहे आणि त्याला खर्चही येत नाही.

आता मुद्द्याचं. हे वाचणाऱ्यांत वऱ्हाडातले, मराठवाड्यातले, खानदेशातले पुष्कळ जण आहेत. पुणे, मुंबई, बंगळूर, न्यू जर्सी. बाल्कनीत फीडर आहे, आणि गावी सातबाऱ्यावर नाव आहे. वावर ठोक्याने नाहीतर बटईने दिलेलं आहे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास एक फोन होतो, त्यात ठोक्याचा आकडा ठरतो, बाकी काही नाही. त्या फोनवर आणखी दोन वाक्यं बोलता येतात: धुरा पेटवायचा नाही, धुऱ्यावर औषध मारायचं नाही, त्याबदल्यात ठोका एवढा कमी घेईन. आकडा तुम्ही ठरवा. वर्षभराच्या पक्षी-खाद्याच्या पाकिटांच्या हिशोबाने ठरवलात तरी सुरुवात होईल. वावराच्या कडेला ज्वारीची चार तासं लावा, ती सोंगू नका, तिचे पैसे मी देतो, असंही सांगता येतं. एका धुऱ्याने काय होणार, असं म्हणायचं असेल तर एका वाटीने काय होतं, तेही सांगा.

आणि मागायचंच असेल तर सरकारकडे पुठ्ठ्याची घरटी मागू नका. निंदणाच्या मजुरीला रोजगार हमीतून हातभार मागा, म्हणजे मोठेबाबांच्या प्रश्नाला तणनाशकाशिवाय दुसरं उत्तर मिळेल. राखलेल्या धुऱ्याला मोबदला मागा. फवारणाऱ्या माणसाला मारणारी औषधं दुकानातून जावीत म्हणून मागा. पाखरं त्या रांगेत आपोआप वाचतील. पक्षी सप्ताहात एखादी यादी मेळघाटाऐवजी स्वतःच्या वावरात बसून करा, आणि ती नोंदवा, मग तिच्यात दोनच पक्षी का असेनात. विशेषतः दोनच असतील तर.

येत्या २० मार्चला वाटी भरायच्या आधी गावी फोन लावा आणि विचारा, आपल्या धुऱ्यावर आता काय काय उभं आहे. उत्तर देणारा जरा वेळ गप्प बसला, तर पाखरं कुठे गेली हे तुम्हाला कळलेलं असेल.